सतरा नंबरचा खड्डा

अक्का स्वतःबद्दल पुल्लिंगात बोलायच्या. 'मी येतो', 'मी आत्ताच जेवलो', 'मी काय म्हणत होतो'. निपाणीकडच्या बायका असंच बोलतात, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यात त्यांचा आवाज भरदार. बंगळूरला रुजू होण्याआधी मी तिथल्या मातीच्या संशोधन संस्थेत फोन केला तेव्हा मला वाटलं, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या बाईंचे कुणी मदतनीस बोलताहेत. मी अदबीनं म्हणाले, "मॅडमना निरोप द्याल का? मी सोमवारी सकाळी हजर होईन म्हणावं."

"देतो की," पलीकडून उत्तर आलं.

सोमवारी येलहंक्याच्या पुढे, संस्थेच्या मागच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पोचले. सुती साडी, पायात पळायचे बूट, गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल, अशा एक ठेंगण्या बाई मातीनं भरलेल्या ट्रेवर वाकल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुझा निरोप पोचला. मीच दिला मला. हात धुवायचे नाहीत, ये इकडं."

त्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला आणि त्यातली गांडुळं मोजायला सांगितली. मी दहा मिनिटं माती चिवडली आणि चौदा म्हणाले. त्यांनी मोजली. सतरा निघाली. "ह्यातले तीन लोक कुठं गेले होते?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या गांडुळांना कायम 'लोक'च म्हणायच्या. 'ह्या लोकांना ऊन सोसत नाही', 'आज लोक खाली गेलेत, माती कोरडी आहे'. पहिल्या आठवड्यात मी आईला फोनवर सांगितलं, की मी एका वेड्या बाईच्या हाताखाली आले आहे.

मी मूळची आकडेवारीतली. त्यांना शेतांमधल्या मोजण्यांचा हिशेब लावणारं माणूस हवं होतं, आणि मला पीएचडी हवी होती. त्या मला 'पुणं' म्हणायच्या. "ए पुणं, चहा घेणार काय?" संस्थेत बाकी सगळे त्यांना अक्का म्हणत. फाटकावरचा रखवालदार, कँटीनवाला, संचालकसुद्धा. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. दरवर्षी संचालक एक वर्षाची मुदतवाढ द्यायचे आणि दरवर्षी अक्का म्हणायच्या, "यंदा द्यायचे नाहीत बघ."

त्यांच्या सवयी सांगायच्या तर कुठून सुरुवात करू? छत्री बाराही महिने हातात. कुणी गाडीतून सोडतो म्हटलं तर नको. बसनंच जायचं, कारण बसमध्ये शेतकरी भेटतात. साडेअकरा वाजले की डबा उघडायचा, समोर मंत्री का असेना. आणि त्यांच्या वह्या. शेतावरच्या वहीत आम्ही लिहितो ते आकडे असायचेच, पण मध्येच असंही असायचं : 'आज कंबर धरली होती. शेवटचे तीन खड्डे नीट चाळले नाहीत. हे आकडे कमी समजावेत.' किंवा, 'चिक्कण्णाच्या बायकोशी बोलत बसलो, मोजणी चुकली असेल, परत करणे.' मी एकदा म्हणाले, "अक्का, असं लिहिलं तर लोकांचा आपल्या कामावर विश्वास कसा बसेल?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना प्रश्नच कळला नाही, असं मला तेव्हा वाटलं.

त्या नव्या गोष्टींना नाकं मुरडणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. एआय आलं तेव्हा मीच त्यांच्या फोनवर ते घालून दिलं. त्यांच्या इंग्रजीत 'द' कुठं लावायचा आणि कुठं नाही याचा कायमचा घोळ असायचा; तो त्यांनी त्याच्यावर सोपवून टाकला. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी, बँकेची पत्रं, भाच्याच्या लग्नाची पत्रिका, सगळं त्याच्याकडून. कन्नडमधून मराठीत, मराठीतून इंग्रजीत. बोलताना त्याला 'तो' म्हणायच्या. "त्याला विचारून बघतो." एकदा मी विचारलं, कसा वाटतो तुम्हाला तो?

"फार मनमिळाऊ आहे," अक्का म्हणाल्या. "कुणाला नाही म्हणत नाही. मला त्याचीच स्वल्प भीती वाटते."

असाच एकदा त्यांना कुठल्याशा कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचा मेल आला. अक्कांचा गांडुळं आणि तळ्यातला गाळ यांवरचा जुना लेख कुठंच मिळत नाही, कृपया प्रत पाठवावी. लेखाचं नाव, नियतकालिक, पानांचे आकडे, सगळं व्यवस्थित दिलेलं. अक्कांनी तीन दिवस कपाटं उपसली. शेवटी मीच शोधलं तेव्हा कळलं, की असा लेखच नाही. त्या मुलानं एआयला संदर्भ विचारले होते आणि त्यानं अक्कांच्या नावावर एक लेख रचून दिला होता. मी पोट धरधरून हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाला फोन लावला आणि कन्नडमध्ये बराच वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "बिचारा घाबरला होता. त्याला म्हटलं, मी लिहिलेला नाही तो लेख, पण विषय चांगला आहे, तू लिही." मग म्हणाल्या, "त्यानं मागितला म्हणून कळलं. न मागता नुसता छापला असता तर? मग मी तो लिहिला, असंच झालं असतं की."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. त्या मुलाला हसलेसुद्धा. म्हणून पुढचं सांगताना मला कुठली सबब सांगता येत नाही.

आमचं काम आनेकलच्या आसपासच्या शेतांत चालायचं. भाजीबाजारातले कुजके टोमॅटो, कोबीचा पाला आंबवून तिथले काही शेतकरी एक द्रावण करून शेतात सोडत होते. त्यानं जमीन सुधारते, अर्धं खत वाचतं, असं त्यांचं म्हणणं. खरंच सुधारते का, हे आम्ही बघत होतो. चाळीस जागा ठरवल्या होत्या : वीस द्रावण घातलेल्या, वीस न घातलेल्या. प्रत्येक ठिकाणी फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणायचा, निघालेली माती ताडपत्रीवर पसरून हातानं चाळायची, गांडुळं मोजायची आणि परत मातीत सोडायची. एका खड्ड्याला दोघींना तास-दीड तास लागायचा.

त्या वर्षी अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रिया ऐन पावसाळ्यात ठरली, त्यामुळे खड्डे मी एकटीनं करायचे होते. मी एकोणतीस केले. मग पाऊस लागला. तिकडचे रस्ते चिखलानं भरले, मी तापानं आठवडाभर पडले, आणि तोवर मातीच कोरडी होऊन गेली. अकरा खड्डे राहिले. लेख पाठवायची मुदत जवळ आली होती. तो लेख छापून आल्याशिवाय माझा प्रबंध पुढं सरकणार नव्हता.

दुपारची वेळ होती. शेडमध्ये मी एकटीच. मी एकोणतीस आकडे एआयला दिले, जमिनीची माहिती दिली आणि म्हटलं, उरलेल्या अकरा जागी साधारण काय मिळालं असतं याचा अंदाज दे. त्यानं दिला. चहाचा घोट घ्यायलाही वेळ लागला नाही. आकडे इतके खरे वाटत होते, की मला स्वतःलाच ती शेतं दिसायला लागली.

मी फसवायला बसले नव्हते. त्या अकरा आकड्यांपुढे मी एक वेगळा रकाना केला आणि त्यात लिहिलं, 'अंदाजे'. दोन दिवसांनी तक्ता पानावर मावेना, तेव्हा तो रकाना काढला. खाली टीप देऊ म्हटलं. मग मजकुराचं इंग्रजी सुधारायला मी तो एआयकडेच दिला. सुधारून आलं त्यात वाक्य होतं : 'चाळीसही ठिकाणी प्रत्यक्ष खोदून मोजणी करण्यात आली.' मी ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. आणि तसंच ठेवलं. टीप दिली नाही. एकोणतीस आकड्यांत द्रावणाचा परिणाम धड दिसत नव्हता. चाळीसमध्ये लख्ख दिसायला लागला होता.

अक्कांचा दुसरा डोळा नुकताच झाला होता. दर दोन तासांनी थेंब घालायचे, वाचायला बंदी. मी त्यांच्या घरी जाऊन सगळा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. तक्ता मात्र कसा वाचून दाखवणार? "तो नंतर बघतो," त्या म्हणाल्या. "तू मोजलंयस ना, मग झालं. पाठव." लेखावर त्यांचंही नाव होतं. लेख छापून आला. संचालकांनी पेढे वाटले. आनेकलच्या शेतकरी गटानं ठरवलं, की पुढच्या हंगामात सगळ्यांनीच खत निम्मं करायचं.

नवा चष्मा आल्यावर अक्कांनी पहिलं काय केलं, तर छापील लेख घेऊन बसल्या. मी आपली कॉम्प्युटरवर काहीतरी करत होते.

"ए पुणं, सतरा नंबरचा खड्डा कुणाच्या शेतात?"

मी यादी बघून सांगितलं, "चिक्कण्णांच्या धाकट्या भावाच्या."

"किती लोक मिळाले?"

"तेवीस."

"कधी खणलास?"

"गणपतीच्या आधी," मी म्हणाले. तोंडातून इतकं सहज निघालं, की ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि छत्री उचलली. "चल, बघून येऊ."

दोन बस बदलत आम्ही आनेकलला पोचलो. चिक्कण्णा फाट्यावर उभेच होते. काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेले, साठीचे, नाचणी आणि टोमॅटो करणारे शेतकरी. अक्कांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. शस्त्रक्रियेच्या वेळी नाचणीचं पीठ घेऊन ते इस्पितळात भेटून गेले होते. ते पुढं, आम्ही मागं. बांधावरून वळण घेतलं आणि मी थांबले.

तिथं शेत नव्हतं. लाल मुरूम पसरून जमीन सपाट केलेली होती. पांढरे दगड रांगेनं रोवलेले, मधून सिमेंटचा रस्ता, आणि तोंडाशी मोठी पाटी : प्लॉट विकणे आहे. चिक्कण्णा अक्कांना कन्नडमध्ये सांगत होते. मला तेवढं कन्नड कळत होतं. भावानं युगादीलाच, म्हणजे पाडव्याला, व्यवहार केला, महिन्याभरात बुलडोझर आला. म्हणजे मी खणलं म्हणाले त्याच्या कितीतरी महिने आधी.

अक्का त्या रस्त्यावर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. छत्रीचं टोक सिमेंटवर टेकवलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

"इथं तेवीस?"

मला रडू फुटलं. चिक्कण्णांना काही कळेना. ते धावत गेले आणि कुठूनतरी पाण्याची बाटली घेऊन आले. "स्वल्प नीरु कुडी अम्मा," म्हणत राहिले. मी पाणी प्यायले आणि अक्कांना सगळं सांगितलं. तो रकाना, ती टीप, ते वाक्य. अक्का ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "असे किती?"

"अकरा," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मला वाटत होतं, उतरल्यावर त्या संस्थेत पत्र देतील आणि मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाईन. अर्ध्या वाटेत त्यांनी पिशवीतून तो छापील लेख काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तक्त्यात पेन्सिलीनं गोल केलेले होते. मी मोजले. दहा.

"एकोणतीस खड्ड्यांत सहा रिकामे निघालेत," त्या म्हणाल्या. "खड्डा रिकामा निघतोच की. आणि एखाद्यात एकदम पन्नास. हे लोक सारखे वाटून राहत नाहीत. ह्या दहांत एकही रिकामा नाही, आणि सगळे कसे शहाण्यासारखे वागायलेत. इस्पितळात चिक्कण्णानं शेत विकल्याचं सांगितलं नसतं तरी मला संशय आला असता. पण मला दहाच सापडले होते. अकरावा सापडला नव्हता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"नऊ म्हणाली असतीस तर मी उद्या संस्थेत तुझं पत्र दिलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी पण वाचलं नव्हतं. वाचल्याशिवाय नाव लावलं. पस्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं तसं. डोळे काय, महिन्यानं आले असते की. लेख थांबला असता महिनाभर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संचालकांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि मधला मार्ग सुचवला. अकरा आकडे चुकून आले अशी छोटीशी दुरुस्ती पाठवू, सॉफ्टवेअरच्या वापरात गडबड झाली असं म्हणू. हल्ली अशा दुरुस्त्या खूप येतात, कुणी मनावर घेत नाही. "लेख मागं घेतला तर संस्थेचं नाव जातं अक्का. आणि तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावरच आहे."

"सॉफ्टवेअरनं कुणाला फसवलं नाही," अक्का म्हणाल्या. "ह्या पोरीनं त्याला अंदाज विचारला, त्यानं अंदाज दिला. त्याला मोजणी म्हणालो ते आम्ही. दोघांची नावं आहेत वरती."

"तिचं करिअर जाईल."

"ते तिला विचारा की. इथंच बसलीय."

संचालकांनी माझ्याकडे बघितलं. होय म्हणायला किती सोपं होतं, हे मला आजही आठवतं. मी म्हणाले, "लेख मागं घेऊ या सर."

त्याच संध्याकाळी आम्ही पत्र पाठवलं. कारण माझ्या नावानिशी लिहिलं होतं, आणि त्याखाली अक्कांनी स्वतःचं एक वाक्य घातलं : 'मी तक्ता न तपासता संमती दिली.' ते वाक्य मी गाळायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. 'द' मात्र एके ठिकाणी चुकलाच.

पण त्यांना पत्राहून जास्त काळजी होती ती आनेकलची. पेरणी तोंडावर आली होती. पुढच्या रविवारी चिक्कण्णांनी गटाला शाळेच्या खोलीत जमवलं. पन्नासेक माणसं, निम्म्या बायका. मला वाटलं होतं, अक्का सांगतील आणि मी मान खाली घालून उभी राहीन. अक्का मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मला कन्नड बोलता येत नाही," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

"येतंय तेवढ्यात सांग," त्या म्हणाल्या. "खोटं तू सांगितलंस, आता खरं मी कशाला सांगू?"

माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी उभी राहून सांगितलं, की अकरा खड्डे मी खणलेच नाहीत, आकडे मशीनला विचारून घातले, द्रावणानं फायदा होतो हे आम्हाला माहीत नाही, कृपा करून त्या भरवशावर खत कमी करू नका. मध्ये माझा शब्द चुकला आणि काही बायका हसल्या. त्यांना वाटलं मी अकरा खड्ड्यांत पडले. चिक्कण्णांनी ते दुरुस्त केलं, तेव्हा हसणं थांबलं. एक तरुण शेतकरी ताडकन उठून निघून गेला. एक म्हातारी पुढच्या रांगेतून म्हणाली, "मग माझ्या शेतात किती आहेत ते सांग की."

"गोत्तिल्ला," मी म्हणाले. माहीत नाही. त्या दिवशी मी न अडखळता बोललेला तो एकच शब्द.

"मग ये आणि मोज," म्हातारी म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. एक जागा गेलीच होती, उरलेल्या एकोणचाळीस. मी खणायचे, अक्का बांधावर घडीच्या स्टुलावर छत्री उघडून बसायच्या आणि चाळलेल्या मातीतून मी सोडून दिलेले लोक शोधून काढायच्या. म्हातारीच्या शेतात एक सापडलं. एकच. तिनं ते ओंजळीत घेऊन सगळ्या आळीला दाखवलं. तो निघून गेलेला तरुण तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला आणि माझ्या शेजारी खणायला लागला. अक्का साडेअकराला डबा उघडायच्या. आता त्यात माझ्यासाठीही भाकरी असायची. ते कधीपासून सुरू झालं, माझ्या लक्षात नाही.

निकाल काय लागला? काहीच नाही. द्रावण घातलेल्या आणि न घातलेल्या जमिनींत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. ते आम्ही तसंच लिहिलं आणि एका लहानशा नियतकालिकात ते छापून आलं. यावेळी पेढे कुणी वाटले नाहीत. तक्ता अक्कांनी स्वतः, बोट ठेवून, ओळीनं वाचला. त्याला त्यांना दोन दुपारी लागल्या.

टेबलावरच्या त्या कागदावर तेव्हा सही झाली होती, पण त्याच्या पुढची मुदतवाढ मिळाली नाही. संचालकांनी सांगताना तीनदा माफी मागितली. "अहो, दरवर्षी मी म्हणतोच की देणार नाहीत म्हणून," अक्का म्हणाल्या. "एकदा तरी खरं व्हायला पाहिजे." शेड रिकामी करताना त्या गाणं गुणगुणत होत्या. मी मात्र बाहेर नळावर जाऊन ट्रे धुवत राहिले, कारण मला आत थांबवेना. त्या निपाणीला भावाकडे राहायला गेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, की परसातली माती काही खरी नाही.

माझा प्रबंध दीड वर्ष उशिरा झाला. मग नोकरी शोधायला लागले. अर्जाला शिफारसपत्र लागतं, आणि मला ओळखणारं दुसरं होतं कोण? अक्कांनी पत्र मला न दाखवता थेट पाठवायला सुरुवात केली. दोन ठिकाणी माझी मुलाखतच झाली नाही. तिसऱ्या अर्जाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, मला प्रत पाठवा.

पत्र एक पानाचं होतं. माझ्या कामाबद्दल, चिकाटीबद्दल चांगलं लिहिलं होतं. मध्ये लिहिलं होतं : 'या मुलीनं एकदा न खणलेल्या खड्ड्यांचे आकडे छापले. विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, मला माहीत नव्हतं तेसुद्धा. नंतर तिनं सगळे खड्डे खणले. आज तिनं केलेली मोजणी मी न तपासता वापरीन, आणि हे मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलेलं नाही.'

मी त्यांना फोन केला. "अक्का, त्यातलं एक वाक्य गाळता येईल का?"

"कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"ते गाळलं तर पुढचं कशाच्या जोरावर लिहू?" त्या म्हणाल्या. "तुला नको असेल तर दुसऱ्या कुणाचं घे. मी रागावणार नाही."

मी दोन दिवस विचार केला आणि तेच पत्र जोडलं.

तिसऱ्या ठिकाणी बोलावलं. कोरमंगलात दुसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस. शेतजमिनींच्या तपासण्या करणारी नवी कंपनी. टेबलापलीकडे दोघं होते. त्यातल्या बाईंनी पत्र हातात धरलेलं होतं. त्यांनी विचारलं, "हे खरं आहे?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मला अर्धा तास त्याबद्दलच विचारलं. रकाना का काढला, कधी काढला, तेव्हा काय वाटलं. मी सांगत गेले. बाकी काही त्यांनी विचारलंच नाही.

नोकरी मिळाल्याचा मेल आला तेव्हा मी रस्त्यातच रिक्षा थांबवून अक्कांना फोन लावला. त्या परसात असाव्यात. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मिळाली, अक्का."

त्यांनी कोंबड्यांना हाकललं. मग विचारलं, "माझं पत्र वाचलं त्यांनी?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं वाचलं."

"मग बरी माणसं आहेत," अक्का म्हणाल्या. "जा तिथं."